उपचार सोसायचे कसे, हे कुणाला विचारायचं?

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, स्तनाचा कर्करोग असल्याचं निदान झालं तेव्हा घरात एकाच प्रश्नावर बोलणं चालायचं: उपचार कुठे करायचे? मी शिरूरचा. पाइप आणि नळाच्या सामानाचं माझं दुकान आहे. अक्का दौंडजवळच्या गावात दिलेली, दाजींचा टेम्पो आहे. शिरूरहून काय, दौंडहून काय, पुणं सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. तेव्हा पुण्यातलंच एक रुग्णालय ठरलं, फाइल तयार झाली, तारखा मिळाल्या. केमो सुरू झाली आणि लक्षात आलं, की रोगावर उपचार करणं हे एक काम आणि ते उपचार अंगावर सोसणं हे दुसरं. पहिल्या कामाला डॉक्टर होते. दुसऱ्या कामासाठी कुणाच्या दारात जायचं, हे मला माहीत नव्हतं, आणि आमच्या दोन्ही तालुक्यांतल्या ओळखीच्या माणसांनाही माहीत नव्हतं.

केमोथेरपी म्हणजे काय, हेसुद्धा मला अक्काला सलाइन लागल्यावर कळलं. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, आणि भराभर वाढणाऱ्या पेशींना मारणारं औषध शिरेतून देतात. पण केसांची मुळं, तोंडाची आतली त्वचा, आतड्याचं अस्तर, हाडांतला रक्त तयार करणारा मगज, यांच्या पेशीही भराभर वाढणाऱ्याच. त्यांनाही मार बसतो. म्हणून केस जातात, तोंड येतं, उलट्या होतात, रक्तातल्या पेशी कमी होतात. अक्काच्या औषधांतलं एक लालभडक होतं. घरी आल्यावर तिला लघवी लाल झाली. रक्त जातंय असं समजून ती रात्रभर कुणाला काही बोलली नाही. सकाळी दाजींचा फोन आला, मी रुग्णालयात विचारलं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "औषधाचा रंग आहे, एक-दोन दिवसांत जाईल." एवढं एक वाक्य आधी कानावर पडलं असतं, तर अक्काची ती रात्र तशी गेली नसती.

मग उलट्या सुरू झाल्या. गोळ्या दिलेल्या होत्या, पण उलटी झाली की गोळी घ्यायची, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. आपल्याकडे दुखलं की औषध, ही रीतच आहे. दौंडच्या एका मेडिकलवाल्यांनी चिठ्ठी नीट वाचली आणि म्हणाले, "ह्यातल्या काही उलटी होण्याआधीच, ठरल्या वेळेला घ्यायच्या आहेत." पुढच्या केमोला तसं केलं. मळमळ राहिली, पण पोटात पाणी टिकू लागलं. त्या दिवशी कळलं, की उपचारांचा बराचसा त्रास अटळ नसतो. त्याचेही उपाय ठरलेले असतात. फक्त ते समजावून सांगणारं माणूस शोधावं लागतं.

सगळ्यांत मोठी गोष्ट तापाची. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात. डॉक्टर त्याला 'काउंट पडले' म्हणतात. तेव्हा जंतूंशी लढायला शरीरात फौज नसते. म्हणून या दिवसांत १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहायची नाही, लगेच रुग्णालय गाठायचं. मी हे ऐकलं तेव्हा अक्काच्या घरात थर्मामीटरच नव्हता. दाजी कपाळाला हात लावून ताप ओळखत. दुसऱ्या दिवशी मी थर्मामीटर घेऊन काष्टीवरून दौंडला गेलो. कपाटावर एक कागद चिकटवला: तापाचा आकडा, केमो विभागाचा नंबर, रात्री कुठल्या दारातून जायचं. घरात आलेल्या साऱ्या औषधांपेक्षा तो कागद मला जास्त मोलाचा वाटला.

यानंतर मी 'कॅन्सरसाठी मदत करणारी संस्था' शोधायला लागलो. दुकानात येणाऱ्यांना विचारलं, देवस्थानाच्या लोकांना विचारलं, पुढाऱ्यांच्या कार्यालयात विचारलं. लोक मनापासून सांगत. पण मदत म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर पैसाच येई. कुणी निधीचे अर्ज दिले, कुणी देणगीदारांची नावं सांगितली. काहींनी मुळ्या-पाल्याचं औषध देणाऱ्यांचे पत्ते दिले. त्यांतल्या एकाने फोनवर सांगितलं, "आधी केमो बंद करा, मग माझं औषध लागू पडेल." ते ऐकलं आणि मी मनाशी एक कसोटी ठरवली: डॉक्टरांचा उपचार थांबवायला सांगणारा माणूस मदतीचा नाही. कागदावर आतापर्यंत खूप नंबर झाले होते. पण अक्काचं तोंड आलंय, तिला घास गिळवत नाही, यावर बोलणारा त्यांत एकही नव्हता.

शेवटी एका संस्थेच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला नेमकी कशाची मदत हवी आहे?" मी म्हणालो, "बहिणीला कॅन्सर आहे." त्या म्हणाल्या, "हो दादा. पण आज त्यांना सगळ्यांत जास्त त्रास कशाचा आहे?" मला सांगता येईना. मी ते अक्काला कधी विचारलंच नव्हतं. आम्ही रिपोर्टबद्दल बोलत होतो, तारखांबद्दल बोलत होतो, खर्चाबद्दल बोलत होतो. त्या संध्याकाळी फोनवर अक्काला विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग एकेक सांगत गेली. तोंडात फोड आहेत. पायांच्या बोटांना मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही. झोप लागत नाही. आणि पोरांनी टक्कल पाहू नये म्हणून ती घरातही पदर घट्ट घेऊन बसते. मी सगळं लिहून घेतलं. शोध खरा त्या यादीपासून सुरू झाला.

यादी घेऊन रुग्णालयात गेलो, तेव्हा तिथल्या एका मामांनी मला एका खोलीत पाठवलं. दारावर पाटी होती: 'समाजसेवा अधीक्षक'. मोठ्या सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत हे पद असतं. इंग्रजीतून आलेलं 'मेडिकल सोशल वर्कर' हे नाव मी ऐकलं होतं, पण ते कोण आणि काय करतात, हे माहीत नव्हतं. रुग्ण आणि रुग्णालय यांच्यामध्ये जे जे अडतं ते सोडवायचं, हे त्यांचं काम. त्यांनी यादी वाचून तिचे दोन भाग केले. तोंड, मुंग्या, झोप हे डॉक्टरांना, आहारतज्ज्ञांना आणि फिजिओथेरपिस्टना सांगायचं. प्रवास, पैसा, राहणं आणि मनाचा भार हे त्यांच्याकडे. प्रत्येक खेपेला आम्ही त्या दारावरूनच गेलो होतो.

आहारतज्ज्ञ बाईंकडून कळलं, की आलेल्या तोंडालाही शिस्तीने सांभाळता येतं. कोमट पाण्यात थोडं मीठ आणि थोडा खायचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चूळ भरायची, मऊ ब्रश वापरायचा, तिखट आणि आंबट बंद. गरम भाकरीऐवजी दुधात मऊ केलेली, पातळ मुगाची खिचडी, नाचणीची पेज, पूर्ण उकडलेलं अंडं. काउंट पडलेले असताना कच्ची कोशिंबीर आणि बाहेरचा रस नको. मुंग्यांचं डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे आधीच सांगायला हवं होतं. औषधाचं प्रमाण बघावं लागतं." अक्काने ते किरकोळ समजून दाबून ठेवलं होतं. सोसण्यालाच आपल्या बायका चांगुलपणा मानतात. कर्करोगाच्या उपचारांत मात्र त्रास वेळेवर सांगणं हाच उपचाराचा भाग आहे.

पैशाचं गणितही त्या खोलीतच थोडं उलगडलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली दुसऱ्या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली. आता ती राज्यातल्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांसाठी आहे आणि वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण देते. मुख्य अट: रुग्णालय योजनेत 'अंगीकृत' हवं. तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. घरून चौकशी करायची तर १५५३८८ हा नंबर आहे. शिवाय धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगाचे गरीब रुग्णही येतात. दाजींचं उत्पन्न त्या मर्यादेत बसलं नाही. पण तहसील कचेरीत आमच्या मागे एक विधवा बाई उभी होती, तिचा आजार ऐकून मी तिला अर्जाची खिडकी दाखवली. दुसऱ्याला वाट दाखवण्याइतकं आपल्याला कळू लागलंय, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं.

दौंड हे जंक्शन. लग्न झाल्यापासून अक्काने त्या स्टेशनच्या भोंग्यावर घड्याळ लावलं. पण रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी प्रवासात सवलत देते, हे तिला, दाजींना, कुणालाच ठाऊक नव्हतं. द्वितीय श्रेणीत भाड्यात ७५ टक्के सूट, स्लीपर आणि थ्री-टिअर एसीत रुग्णाला पूर्ण माफी. सोबतच्या एका माणसालाही सवलत मिळते, स्लीपर आणि थ्री-टिअर एसीत ती ७५ टक्के असते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, त्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही आणि रुग्णालयाचा शिक्का. एसटीतही कर्करोगाच्या रुग्णांना भाड्यात सवलत आहे, तिच्यासाठीही कागद लागतो. दाखला दिल्यावर रेल्वेच्या खिडकीवरच्या बाईंनी काही न विचारता तिकीट दिलं. कागद बरोबर असला, की कुणापुढे आपलं दुखणं पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही, हेही अक्काला मोठं वाटलं.

एकदा दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला मुंबईला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जायचं ठरलं. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं, आज ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. मला काळजी होती ती राहण्याची. समाजसेवा अधीक्षकांनी सांगितलं, तेव्हा कळलं की टाटाभोवती माणुसकीचं एक गावच वसलेलं आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. रुग्णांना आणि नातेवाइकांना जेवण देणारी जीवन ज्योत संस्था आहे. लहान मुलांना कर्करोग झाला, तर आई-बापांसह मोफत राहण्याची सोय करणारी सेंट ज्यूड केंद्रं २००६ पासून आहेत. जागा मिळेलच असं नसतं, आणि बहुतेक ठिकाणी रुग्णालयाची चिठ्ठी लागते. म्हणून आधी चौकशी करून, कागद घेऊनच निघावं. सामान घेऊन फुटपाथवर बसलेली कुटुंबं मी तिथे पाहिली. त्यांतल्या कितीजणांना त्यांच्या गावी कुणी हे सांगितलं असेल, हा विचार अजून जात नाही.

मुंबईत संस्थांची नावं कळत गेली तशी मी वहीत लिहीत गेलो. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ साली डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी काढली. तिचा मोफत नंबर १८००-२२-१९५१. शेवटचे चार आकडे म्हणजे स्थापनेचं वर्ष, त्यामुळे तो पाठ राहतो. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून काम करते. रक्ताच्या कर्करोगावरच्या एका महागड्या औषधाच्या पेटंटविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात लढणाऱ्यांत ती होती. १ एप्रिल २०१३ रोजी निकाल लागला, पेटंट नाकारलं गेलं आणि स्वस्त औषधाची वाट मोकळी राहिली. व्ही केअर ही संस्था १९९४ साली स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी सुरू केली. बरे झालेले लोकच तिथे रुग्णांशी बोलतात. यांतल्या बऱ्याच संस्था मुंबईत आहेत खऱ्या, पण फोन दौंडपर्यंत पोहोचतो.

बऱ्या झालेल्या बाईशी बोलण्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. रुग्णालयातच एक ताई भेटल्या, याच आजारातून काही वर्षांपूर्वी उठलेल्या. त्या अक्काजवळ बसल्या. मी पाणी आणायला गेलो आणि मुद्दाम उशिरा परतलो. आम्ही सगळे मिळून अक्काला जो धीर देऊ शकलो नव्हतो, तो तिला त्या बाईंच्या परत आलेल्या केसांकडे बघून आला. नंतर वाचनात आलं, की अमेरिकेत टेरेस लॅसर नावाच्या बाईंनी १९५२ साली हेच सुरू केलं होतं. स्वतःचं स्तनाचं ऑपरेशन झाल्यावर त्या इतर बायकांना भेटायला रुग्णालयांत जाऊ लागल्या. डॉक्टरांना हे सुरुवातीला रुचलं नव्हतं. आज जगभर त्या कामाच्या शाखा आहेत. काही प्रश्न बाई बाईलाच विचारते, आणि तेही त्याच वाटेने गेलेल्या.

अक्काचं स्तनाचं ऑपरेशन झालं, त्यानंतरचा त्रास वेगळा. काखेतल्या गाठी काढल्या, की त्या बाजूच्या हातातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या वाटा तुटतात, आणि हात सुजू शकतो. डॉक्टर त्याला लिम्फेडेमा म्हणतात. त्या हाताला इजा, भाजणं, चावा यांपासून जपायचं, जड उचलायचं नाही, आणि दाखवलेले व्यायाम रोज करायचे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी अक्काच्या हातातल्या घट्ट बांगड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, या हातात नको, दुसऱ्या हातात घाला." अक्काने दाजींकडे पाहिलं. दाजींनी स्वतः त्या काढून दुसऱ्या हातात घातल्या. तेव्हापासून कळशी दाजी उचलतात, कणीक भाची मळते. सूज येण्याआधीच हे सांगणारं कुणी भेटलं, हे आमचं नशीब.

ब्लाउजचा प्रश्न मला कुणी सांगितला नाही. बायकोने सांगितला. एका बाजूला रिकामं वाटतं म्हणून अक्का लग्नाकार्याला जाणं टाळत होती. आत ठेवायचा कृत्रिम आकार मिळतो, सिलिकॉनचा महाग आणि सुती विणलेला हलका. काही संस्था गरजू बायकांना तो मोफत देतात. बायकोने दौंडच्या शिंपिणीला बोलावून ब्लाउजला आतून कप्पा शिवून घेतला. टोप मात्र अक्काला नको होता, तिला पदरच बरा वाटला. मी मात्र टोपाची चौकशी करत फिरलो होतो. काय हवंय हे रुग्णाला विचारावं, आपणच ठरवू नये, हे मी तेव्हा शिकलो.

पुढे रेडिएशनसाठी सोमवार ते शुक्रवार रोज जावं लागे. त्या रांगेत श्रीगोंद्याकडचा एक मुलगा वडिलांना घेऊन येई. वडिलांना तोंडाचा कर्करोग होता, वेदना इतकी की त्यांना बसवत नसे. पुण्याच्या वारज्यात सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, हे मला त्याच मुलाकडून कळलं. १९९७ पासून तिथे कर्करोगाच्या रुग्णांची मोफत सेवा होते. वेदना, जखमा, उलट्या, धाप, झोप, भीती या सगळ्यांवर उपचार होतात आणि घरच्या माणसाला शिकवून परत पाठवतात. माझी समजूत होती, की अशा ठिकाणी शेवटच्या दिवसांतच जायचं. मुलगा म्हणाला, "दादा, उपचार चालू असतानाही जाता येतं. आम्ही नळीतून जेवण कसं द्यायचं ते तिथेच शिकलो." सिप्लाच्याच फाउंडेशनची 'साथ-साथ' नावाची हेल्पलाइनही आहे, १८००-२०२-७७७७. आपल्या भागाजवळ अशी सेवा कुठे आहे, ते तिथे विचारता येतं.

त्या वडिलांना मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या. गावात लोक त्याला म्हणत, "नशेचं औषध देतात, म्हणजे संपलं." डॉक्टरांनी समजावलं ते असं: जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांच्या पायऱ्या ठरवून दिल्या आणि तीव्र वेदनेच्या पायरीवर मॉर्फिन ठेवलं. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या वेळेला घेतलं तर व्यसन लागण्याची भीती फार कमी. त्रास होतो तो मुख्यतः बद्धकोष्ठाचा, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध देतात. भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे हे औषध रुग्णांनाही मिळणं अवघड झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांसाठी वाट सोपी केली. तरी ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, केंद्र माहीत असावं लागतं. काही दिवसांनी तेच वडील रांगेत बसून आमच्याशी उसाच्या भावाबद्दल बोलले. वेदना कमी झाल्यावर माणूस परत माणसांत येतो, हे मी तिथे पाहिलं.

एवढं फिरल्यावर गावातलं दार शेवटी सापडलं. अक्काच्या गावातल्या आशाताई तिच्याच गल्लीत राहतात. आशाताई ज्यांच्यासाठी काम करतात त्या गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य केंद्रांच्या, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, ठरलेल्या सेवांमध्ये वेदनाशमनाची सेवा आहे, आणि तीस वर्षांवरच्यांसाठी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी आहे. आशाताईंकडे सगळीच उत्तरं नव्हती, पण त्या दर आठवड्याला येऊन अक्काला विचारू लागल्या, पुण्याला न जाता ड्रेसिंग कुठे होईल ते सांगू लागल्या. गल्लीतल्या इतर बायकांनाही त्यांनी तपासणीला नेलं. अक्काच्या आजाराबद्दल घरात जे कुजबुजत बोललं जाई, ते आता अंगणात बोललं जाऊ लागलं.

उपचार संपल्यावर सगळ्यांना वाटलं, आता आनंदीआनंद. अक्का मात्र गप्प झाली. रोजची धावपळ थांबली आणि भीती वर आली. असं अनेकांचं होतं, हे डॉक्टरांनीच सांगितलं. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. अक्का बोलली. मग एका रात्री मीही बोललो, कारण मलाही झोप लागत नव्हती. सांभाळणाऱ्यालाही सांभाळावं लागतं, हे पलीकडच्या माणसाने मला साध्या शब्दांत सांगितलं.

आता दुकानात कुणी 'घरी कॅन्सर आहे' म्हणालं, की मी वही काढतो. तुम्हालाही तेच सांगतो. निदान झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच रुग्णालयाला तीन गोष्टी मागा: ताप आल्यावर रात्री फोन करायचा नंबर, समाजसेवा अधीक्षकांची भेट, आणि वेदना व इतर त्रासांसाठी पॅलिएटिव्ह सेवेचा पत्ता. रुग्णाला दर आठवड्याला विचारा, आज सगळ्यांत जास्त त्रास कशाचा आहे, आणि ते लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. जी कुणी संस्था भेटेल तिला 'आणखी कुणाला विचारू?' हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. आणि आपल्याला जे कळलं, ते शिरूर असो की दौंड, शेजारच्या घरी जाऊन सांगा. मदत करणारी माणसं आहेत. ती रुग्णापर्यंत पोहोचवणं हे आपलं काम आहे.